किल्लीवाचून कुलूप : एका छंदाचा आढावा

किल्ली हाती नसताना कुलूप उघडण्याची विद्या ही चोरांचीच मिरास आहे, असा समज आपल्या समाजात इतका दृढमूल झालेला आहे की, एखादा सुशिक्षित, प्रतिष्ठित आणि परक्याच्या कवडीलाही कधी हात न लावणारा मनुष्य आपल्या फुरसतीचा वेळ या विद्येच्या अभ्यासात घालवतो असे सांगितले असता, ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर प्रथम आश्चर्य आणि त्यापाठोपाठ संशय उमटल्यावाचून राहत नाही. तथापि गेल्या पाव शतकाहून अधिक काळ जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड, अमेरिका या देशांत हा छंद मंडळे स्थापून, नियम ठरवून आणि स्पर्धा भरवून राजरोसपणे जोपासला जात आहे. आणि आतली रचना दिसावी म्हणून पारदर्शक केलेली सरावाची कुलपे व बारीक आकड्यांचे संच आता आपल्याकडेही घरपोच मिळू लागल्यामुळे, ही विद्या शिकावी की शिकू नये, हा प्रश्न इथल्या तरुणांपुढे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढेही उभा राहू लागला आहे. या प्रश्नाचा साकल्याने विचार करावा, या हेतूने हा आढावा घेत आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो. कुलपाची खरी परीक्षा किल्लीवाचूनच होते, आणि ती परीक्षा घेणारा निर्लोभी हौशी मनुष्य समाजाला हवा असतो. मात्र त्याने ती मालकाच्या संमतीने आणि चारचौघांच्या देखत घेतली पाहिजे, कारण या दोन अटी सुटल्या की त्याच्यात आणि चोरात फरक सांगण्याजोगे काहीच उरत नाही.

कुलूप म्हणजे तत्त्वतः एक अडसर आणि त्या अडसराला हलू न देणारे काही अडथळे. खोर्साबाद येथे असिरियाच्या सार्गोन राजाच्या राजवाड्याचे अवशेष खणून काढताना जे प्रचंड लाकडी कुलूप सापडले आणि ज्याच्या जातीची कुलपे प्राचीन इजिप्तमध्येही प्रचलित होती, त्यात अडसराच्या छिद्रांत वरून खुंट्या पडत, आणि लाकडी किल्लीच्या टोकावरील दात्यांनी त्या खुंट्या नेमक्या वर उचलल्या की अडसर मोकळा होई. पुढे रोमन लोकांनी कुलपे धातूची केली आणि मध्ययुगातल्या युरोपीय कारागिरांनी किल्लीच्या वाटेत स्थिर आडव्या पट्ट्या बसवून, त्यांना चुकवील अशाच आकाराची किल्ली आत फिरावी, अशी व्यवस्था केली. ही कुलपे नक्षीने नटलेली होती, परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने दुबळी होती. कारण किल्लीचा अडणारा सगळा भाग घासून टाकून केवळ शेवटचा दाता शिल्लक ठेवला की ती एकच किल्ली अनेक दारांना लागत असे.

खरी क्रांती झाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. १७७८ साली रॉबर्ट बॅरन याने आत उचलल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे आज आपण ज्यांना लिव्हर म्हणतो त्यांचे, असे कुलूप काढले की ज्यात प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीइतकीच उचलावी लागे. कमी उचलली तरी अडसर अडे आणि जास्त उचलली तरीही अडे. १७८४ साली जोसेफ ब्रामा याने नळीच्या आकाराच्या किल्लीचे आणि वर्तुळात रचलेल्या सरकपट्ट्यांचे कुलूप पेटंट केले, आणि ते पुरेशा सूक्ष्मतेने घडवता यावे म्हणून हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराकरवी जी यंत्रे तयार करून घेतली, त्यांना आधुनिक यंत्रशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. अमेरिकेत थोरल्या लायनस येल याने १८४८ मध्ये पिनांचे कुलूप पेटंट केले, आणि त्याच्या मुलाने १८६१ व १८६५ च्या पेटंटांनी त्याला आजचे, चपट्या दातेरी किल्लीचे रूप दिले. प्राचीन लाकडी खुंट्यांचेच तत्त्व धातूच्या इवल्याशा नळीत पुन्हा अवतरले, आणि आज जगभरच्या दारांना हीच कुलपे मोठ्या संख्येने बसवलेली दिसतात.

या कुलपात एक स्थिर कवच असते आणि त्यात फिरणारा दंडगोल असतो; दोहोंतून जाणाऱ्या पाच-सहा छिद्रांत, स्प्रिंगच्या दाबाखाली, दोन-दोन तुकड्यांच्या पिना बसवलेल्या असतात, आणि योग्य किल्ली आत शिरली की तिचे दाते प्रत्येक पिनेला अशा उंचीवर आणतात की दोन तुकड्यांमधला सांधा नेमका कवच आणि दंडगोल यांच्या सीमारेषेवर येऊन दंडगोल मोकळा फिरतो. सगळ्या पिना एकाच वेळी योग्य उंचीवर आल्याशिवाय दार उघडू नये, ही या रचनेची प्रतिज्ञा आहे. परंतु कारखान्यात ही छिद्रे कितीही दक्षतेने पाडली, तरी ती सर्वच्या सर्व एका निर्दोष सरळ रेषेत कधीही येत नाहीत. केसाच्या जाडीच्या काही अंशाइतके तरी वैषम्य राहतेच. त्यामुळे दंडगोलाला एका बारीक पट्टीने अलगद ताण दिला असता सर्व पिना एकदम न अडता त्यांतली एकच आधी अडते. ती आकडीने उचलून सीमारेषेवर आणली की दंडगोल कणभर सरकतो, ती पिन तिथेच ठरते, आणि अडण्याची पाळी दुसरीची येते. एकसमयावच्छेदे करावयाचे म्हणून जे काम अशक्य वाटत होते ते अशा रीतीने एकामागून एक करता येऊ लागते. या विद्येचा सारा पाया मनुष्याच्या हातून आणि यंत्रातून कोणतीही वस्तू परिपूर्ण निपजत नाही, या एका सत्यावर उभा आहे. आणि कुलूप जितके स्वस्त, तितका हा पाया अधिक रुंद.

अर्थात कुलूपकारांनाही हे रहस्य अज्ञात नव्हते. त्यांनी मध्ये बारीक आणि टोकांना जाड, अशा रिळाच्या आकाराच्या पिना बसवल्या, ज्या अर्ध्या वाटेवरच अडकून दंडगोलाला थोडेसे फिरू देतात आणि उघडणाऱ्याला काम फत्ते झाल्याचा खोटा भास करून देतात. या भासातून बाहेर पडण्यासाठी दिलेला ताण जाणूनबुजून सैल करावा लागतो, आणि तसे करताना आधी जागेवर बसलेल्या पिना निसटण्याची भीती असते. हौशी अभ्यासकाची खरी कसोटी इथे लागते. फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन याने १९०७ साली स्प्रिंगा आणि पिना दोन्ही वगळून फिरत्या चकत्यांचे कुलूप शोधून काढले; त्या वंशातली आजची कुलपे या छंदातल्या निष्णात लोकांनाही सहजासहजी दाद देत नाहीत.

या सर्व इतिहासात १८५१ सालच्या लंडनमधील प्रसंगाला जे महत्त्व आहे ते दुसऱ्या कशालाही नाही, म्हणून त्याचा वृत्तान्त थोडा विस्ताराने देणे अवश्य आहे. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली तेव्हा, आपल्या किल्लीखेरीज उघडणार नाही असे कुलूप करणाऱ्यास सरकारने शंभर पौंडांचे बक्षीस जाहीर केले, आणि जेरेमाया चब याने १८१८ साली आपले प्रसिद्ध कुलूप पुढे आणले. त्यात अशी तजवीज होती की, कोणी भलत्याने पट्ट्यांशी खेळताना एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली की कुलूप आपोआप जखडून जाई आणि मालकाने आपली किल्ली लावताच कोणीतरी आगळीक केली आहे, हे त्याच्या ध्यानात येई. पोर्ट्समथच्या तुरुंगनौकेवरील एका कैद्याला, जो मूळचा कुलपांचाच कारागीर होता, हे कुलूप उघडल्यास शिक्षा माफ होईल असे आश्वासन देण्यात आले. त्याने दोन-तीन महिने खटपट केली आणि शेवटी हात टेकले. ब्रामाच्या दुकानाने तर पिकॅडिलीतील आपल्या खिडकीत एक कुलूप मांडून, ते उघडणारे हत्यार जो कोणी घडवील त्याला तत्क्षणी २०० गिनी देण्याची पाटी लावली होती, आणि ती पाटी सुमारे साठ वर्षे अजिंक्य राहिली. इंग्रजांच्या पेढ्या, तिजोऱ्या आणि सरकारी दफ्तरे या दोन नावांच्या भरवशावर निर्धास्त झोपत होती.

स्फटिकमहालातील महाप्रदर्शनासाठी अमेरिकेच्या डे आणि न्यूएल या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स नावाचा गृहस्थ लंडनला आला तो याच दोन कुलपांवर दृष्टी ठेवून. जुलै महिन्यात वेस्टमिन्स्टरमधील एका घराच्या भक्कम खोलीच्या दाराला लावलेले चबचे कुलूप त्याने साक्षीदारांसमक्ष सुमारे २५ मिनिटांत उघडले, आणि त्यातली आपोआप जखडून जाण्याची तजवीज न दुखावता पुन्हा बंदही करून दाखवले. त्यानंतर ब्रामाच्या कंपनीशी त्याचा लेखी करार झाला, त्रयस्थ पंच नेमले गेले, ३० दिवसांची मुदत ठरली, आणि खिडकीतले ते कुलूप पिकॅडिलीतील माडीवरच्या एका खोलीत त्याच्या हवाली करण्यात आले. १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून त्याने ते उघडले. पंचांनी निवाडा त्याच्या बाजूने दिला, आणि ब्रामाच्या वारसांनी तक्रार नोंदवून का होईना, पण २०० गिनी त्याला अदा केल्या.

ब्रामाच्या बाजूची तक्रार अशी होती की, एकान्तात, दिवसामागून दिवस, लाकडात पक्की बसवलेली उपकरणे वापरण्याची सवलत कोणत्याही चोराला मिळत नसते. ही तक्रार अनाठायी नव्हती, आणि पंचांचा निवाडाही चुकीचा नव्हता. न उघडणारे कुलूप अस्तित्वात नाही, हे हॉब्सने सिद्ध केले. आणि ५१ तास टिकणारे कुलूप व्यवहारात उत्तम कुलूप होय, हे त्याच प्रयोगाने ब्रामाच्या पदरात टाकले. कुलपाचे बल अभेद्यतेत मोजायचे नसून वेळात मोजायचे असते, ही समजूत या प्रसंगातून जन्माला आली. माझ्या मते हॉब्सच्या चातुर्याहूनही त्याच्या रीतीचे मोल अधिक आहे. कुलूप परक्याचे असले तरी ते त्याच्या धन्याच्या संमतीने उघडले गेले, अटी आगाऊ लिहिल्या गेल्या, पंच उपस्थित होते, आणि निकाल छापून प्रसिद्ध झाला. पुढे हॉब्सच्या स्वतःच्या कंपनीचे, ज्याचा डांगोरा त्यानेच पिटला होता ते, न्यूएलचे कुलूपही धाकट्या येलने उघडून दाखवले, हे या विद्येच्या न्यायबुद्धीला साजेसेच झाले.

या प्रकरणाने इंग्लंडात मोठा वाद माजला आणि तो आजतागायत पुरता शमलेला नाही. कुलपांचे दोष चव्हाट्यावर मांडणे म्हणजे चोरांना आयते शिक्षण देणे होय, असा एक पक्ष होता. हॉब्सच्या सामग्रीवरून चार्ल्स टॉमलिन्सन याने संपादिलेला कुलपांवरील ग्रंथ १८५३ मध्ये निघाला, त्यात या आक्षेपाला जे उत्तर दिले आहे त्याचा मथितार्थ असा की, चोर आपल्या धंद्यात प्रवीण असतात आणि आपण त्यांना शिकवण्यापूर्वीच पुष्कळ काही जाणून असतात. अंधारात राहतो तो विश्वासाने पैसे मोजून कुलूप विकत घेणारा सज्जन. तीसएक वर्षांनी, १८८३ मध्ये, ऑगस्ट केर्कहॉफ्स याने गुप्तलेखनाच्या संदर्भात जे तत्त्व मांडले ते याच जातीचे होते : यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी केवळ किल्ली गुप्त आहे एवढ्यावर ती सुरक्षित राहिली पाहिजे.

अलीकडच्या काळात हाच वाद निरनिराळ्या रूपांनी पुन्हा उभा राहिला. २००३ मध्ये मॅट ब्लेझ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, ज्या इमारतीत प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी पण सर्व खोल्यांना लागणारी एक मास्टर किल्ली असते, तिथे एका खोलीची साधी किल्ली, तिचे कुलूप आणि मूठभर कोऱ्या किल्ल्या एवढ्या सामग्रीवर ती मास्टर किल्ली शोधून काढता येते. कुलूपव्यावसायिक रागावले, परंतु त्यांच्या रागात हे खोटे आहे असा दावा नव्हता, तर हे आम्हाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असून बाहेर सांगायचे नसते, असा होता. मग ज्या वसतिगृहांनी आणि कचेऱ्यांनी अशी कुलपे विश्वासाने बसवली, त्यांना अज्ञानात ठेवण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला होता? २००४ मध्ये अमेरिकेतील क्रिप्टोनाइट कंपनीची सायकलींची नळीकिल्लीची महागडी कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे जगजाहीर झाले आणि कंपनीला ती फुकट बदलून द्यावी लागली. या जातीच्या कुलपांचा हाच दोष ब्रिटनमध्ये १९९२ सालीच छापून आला होता. मधल्या बारा वर्षांच्या मौनाने सायकलस्वारांचे कोणते हित साधले, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

तरीही प्रतिपक्षाचे म्हणणे सर्वस्वी झटकून टाकण्यासारखे नाही. संगणकाच्या आज्ञावलीतला दोष दुरून दुरुस्त करता येतो. दारावरच्या पितळी कुलपातला दोष दुरुस्त करायचा तर कुलूपच बदलावे लागते, आणि ते बदलण्याची ऐपत सर्वांची नसते. २००५ मध्ये बॅरी वेल्स आणि रोप खोंगरेप या दोन डच गृहस्थांनी, एका विशिष्ट रीतीने कापलेल्या किल्लीवर हलका आघात करून कित्येक प्रचलित कुलपे उघडतात, हे लेखाने जाहीर केले, तेव्हा ज्यांच्या दाराला ती कुलपे होती त्या सामान्य कुटुंबांच्या चिंतेत भरच पडली असणार. म्हणून दोष प्रथम उत्पादकाला कळवावा, सुधारणेसाठी वाजवी मुदत द्यावी आणि नंतर तो प्रकट करावा, हा मधला मार्ग मला न्याय्य वाटतो. प्रकट मात्र केलाच पाहिजे.

ही विद्या पसरल्याने घरफोड्या वाढतील, या भीतीबद्दल आपल्या वृत्तपत्रांकडेच पाहावे. घरफोडीच्या बातमीत दाराचा कडी-कोयंडा उचकटून किंवा कुलूप तोडून चोरटे आत शिरले असे असते. ज्याला पळभरात आत शिरायचे आहे तो आकड्या घेऊन दारापुढे कान लावून बसत नाही. परंतु हे विधान सर्वकाळी आणि सर्वत्र खरे आहे असे मानणेही बरोबर नाही. जपानमध्ये २००० सालाच्या सुमारास आकड्यांनी कुलपे उघडून घरफोड्या करण्याचा सुळसुळाट झाला आणि २००३ मध्ये तिथे कायदा करावा लागला. त्या कायद्याने वाजवी कारणावाचून अशी हत्यारे बाळगणे गुन्हा ठरवले, आणि त्याचबरोबर इमारतींच्या कुलपांची प्रतिकारक्षमता ग्राहकाला कळेल अशा रीतीने दर्शवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. या कायद्याचा पहिला भाग सर्वांना आठवतो. दुसरा भाग मला अधिक दूरदर्शी वाटतो.

छंद म्हणून या विद्येकडे वळलेल्यांत राजापासून शास्त्रज्ञापर्यंत अनेकजण आढळतात. फ्रान्सचा सोळावा लुई कुलूपकामात रमत असे, आणि ज्या गामँ नावाच्या कारागिरापासून तो शिकला त्यानेच १७९२ मध्ये राजवाड्यातील गुप्त लोखंडी कपाटाचा सुगावा क्रांतिकारक सरकारला दिला. याहून उद्बोधक उदाहरण रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या कामावर असताना त्याने तिथल्या आकडेजुळणीच्या कपाटांचा अभ्यास आरंभला. खण उघडा असताना चकती फिरवून पाहिले तर शेवटचे आकडे कळून येतात, पुष्कळ लोक कारखान्यातून आलेले आकडे बदलतच नाहीत, आणि जे बदलतात ते तारखा किंवा गणितातले प्रसिद्ध स्थिरांक निवडतात, हे त्याच्या ध्यानात आले. एका सहकाऱ्याची कपाटे त्याने २७-१८-२८ या आकड्यांनी, म्हणजे नैसर्गिक लघुगणकाच्या पायाच्या किमतीने, उघडली. आत अणुबाँबची गुपिते होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्याने एका कर्नलला हा दोष प्रत्यक्ष दाखवून, काम करताना कपाटे उघडी ठेवू नका, असा इशारा दिला. त्याचा परिणाम असा झाला की, फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेला असेल त्यांनी आपले आकडे बदलावेत, असा हुकूम सुटला. दोष तसाच राहिला आणि दोष दाखवणारा धोका ठरला. अधिकाऱ्यांच्या मनाची ही ठेवण काळ आणि देश बदलले तरी फारशी बदलत नाही, आणि हौशी परीक्षकांच्या वाट्याला येणारा अविश्वास बहुधा तिच्यातूनच उगम पावतो.

आजच्या संघटित छंदाचा उगम विद्यार्थ्यांत आणि संगणकाच्या हौशी मंडळींत आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या परिसरातून १९९१ मध्ये टोपणनावाने एक मार्गदर्शिका बाहेर पडली आणि तिने एका पिढीला या विद्येची बाराखडी शिकवली. १९९७ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्ग येथे या छंदाचे नोंदणीकृत मंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर नेदरलँड्समध्ये व अमेरिकेत टूल या नावाच्या संस्था उभ्या राहिल्या. या सर्वांनी दोन नियम शिरोधार्य मानले आहेत : जे कुलूप आपले नाही किंवा ज्याच्या धन्याने स्पष्ट परवानगी दिलेली नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे कुलूप कोणाच्याही, अगदी आपल्या स्वतःच्याही, नित्य उपयोगात आहे त्याच्यावर सराव करायचा नाही. पहिला नियम नीतीचा आहे. दुसरा व्यवहाराचा आहे, कारण अनभ्यस्त हाताने पिना आणि स्प्रिंगा बिघडतात आणि घरचे माणूस घराबाहेर अडकून पडते. त्यांच्या मेळाव्यांत स्पर्धक एकमेकांची कुलपे आळीपाळीने घेऊन ठराविक वेळात उघडतात, उघडलेले कुलूप सुटे करून त्याची रचना सर्वांना समजावतात, आणि कित्येकदा कुलूपकारखान्यांचे अभियंतेही तिथे शिकायला येऊन बसतात.

नवशिक्याने कोणता क्रम धरावा, याविषयी या मंडळींचे बहुतांशी एकमत आहे. प्रथम दोनच पिना ठेवलेले कुलूप, मग एकेक पिन वाढवत पाच-सहांपर्यंत, मग रिळाच्या पिना. पारदर्शक कुलूप रचना समजण्यापुरते उपयोगी पडते, परंतु त्यावर फार काळ रेंगाळू नये, कारण ते डोळ्यांना शिकवते आणि ही विद्या डोळ्यांची नाही. नाडीपरीक्षा करणारा वैद्य जसा बोटांच्या अग्रांवर सारे चित्त एकवटतो, तसे इथे आकडीच्या टोकापाशी घडणारे सूक्ष्म स्पंदन मनात उतरवावे लागते. जोर लावणाऱ्याला काहीही कळत नाही. आकडी भराभर मागेपुढे ओढून कुलूप दैवयोगाने उघडण्याची जी एक रीत आहे, तिने क्षणिक आनंद मिळतो, पण ज्ञान मिळत नाही. माझा तर आग्रह असा की, उघडलेले प्रत्येक कुलूप सुटे करून, पिनांच्या उंचीची नोंद वहीत करून, पुन्हा जोडल्याशिवाय दुसरे हाती घेऊच नये. असा वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाला धातुकाम, मापनातली सूक्ष्मता आणि तर्काची शिस्त यांचा जो संस्कार मिळेल, तो आमच्या शाळांच्या कार्यानुभवाच्या तासाला क्वचितच मिळतो.

कौशल्य आणि सदाचार यांचा संबंध आमच्या साहित्यातही फार पूर्वी विचारात घेतला गेला आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला शर्विलक हा वेदज्ञ ब्राह्मणाचा मुलगा. भिंतीला भोक कोणत्या जागी आणि कोणत्या आकृतीचे पाडावे याचा तो शास्त्रशुद्ध ऊहापोह करतो, मापायचे सूत विसरल्यामुळे यज्ञोपवीताचाच उपयोग करतो, आणि यंत्राने पक्के केलेले दारही त्याच सूत्राने उघडते असे सांगतो. देवलांच्या संगीत नाटकामुळे हा प्रसंग मराठी रसिकांच्या परिचयाचा आहे. नाटककाराने त्याच्या कौशल्याला कमी लेखले नाही आणि त्याच्या कृत्याला चांगले म्हटले नाही. ते कौशल्य निंद्य ठरते ते नाटकाचा नायक चारुदत्त याचे घर त्याच्या संमतीवाचून फोडले म्हणून.

आपला कायदाही थोड्याफार फरकाने याच भेदावर उभा आहे. १८६० च्या दंडसंहितेत आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, गृह-अतिक्रमणासाठी कुलूप उघडणे ही घरफोडी ठरते. कुलूप उघडता येणे हा गुन्हा नाही. मात्र १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, सूर्यास्त ते सूर्योदय या काळात सबळ कारणावाचून घरफोडीचे हत्यार जवळ बाळगणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. रात्री आपण निष्पाप असल्याचे शिपायाला रस्त्यावर पटवून देणे सोपे नसते. म्हणून हौशी मनुष्याने आपली आयुधे घरी, टेबलाच्या खणात ठेवावीत, आणि मेळाव्याला नेताना ती कुठे आणि कशासाठी चालली आहेत हे सांगता येईल असे निमित्त बरोबर असू द्यावे.

आता आपल्या देशातल्या कुलपांविषयी. अलीगड आणि दिंडिगल ही कुलपांची जुनी माहेरघरे आहेत. दिंडिगलच्या कुलपाला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि परदेशी मालाच्या तोडीचे कुलूप इथे घडू शकते, हे दाखवून दिले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या कुलपांचाही संग्रह आहे, आणि किल्लीचे छिद्रच एखाद्या सरकपट्टीखाली दडवून ठेवणाऱ्या जुन्या युक्तीच्या कुलपांत आमच्या लोहारांनी दाखवलेली कल्पकता पाहिली की पाश्चात्त्य इतिहासातल्या वर सांगितलेल्या मालिकेत आपलेही एक स्वतंत्र प्रकरण जोडले पाहिजे, असे वाटल्यावाचून राहत नाही. परंतु आपल्या गोठ्याला, गोदामाला, दुकानाच्या शटरला लागणारे कुलूप पुष्कळदा लिव्हरचे असते, आणि परदेशी पुस्तके मुख्यत्वे पिनांच्या कुलपांबद्दल लिहिलेली असल्याने, ती वाचून तयार झालेला आमचा हौशी तरुण सात लिव्हरच्या साध्या देशी कुलपापुढे गोंधळून जातो. ग्राहकही कुलूप घेताना वजन पाहतो आणि त्यावर छापलेली लिव्हरची संख्या पाहतो. त्या पट्ट्या किती काटेकोर बसवल्या आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. जपानसारखी नोंद कुलपाच्या वेष्टनावर सक्तीची झाली, तर मोठे काम होईल.

या विषयातले आपल्याकडचे खरे तज्ज्ञ आज फुटपाथवर बसलेले आहेत. किल्ल्यांचा झुबका टांगून, ऐरणीएवढ्या जागेत, कानस आणि चिमटा घेऊन बसणारा चावीवाला मूळ किल्ली हरवलेल्या कुलपात कोरी किल्ली घालतो, हलकेच फिरवतो, बाहेर काढून प्रकाशात धरतो, तिच्यावर उमटलेल्या पुसट खुणांवरून कुठे घासायचे ते ठरवतो, आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करून पाहता पाहता नवी किल्ली तयार करतो. युरोपातल्या मेळाव्यांत याच कौशल्याची स्वतंत्र स्पर्धा होते आणि तिच्यातल्या विजेत्यांचा गौरव होतो. आमच्याकडे ते काम चार पैशांचे समजले जाते, आणि करणाऱ्याकडे वर संशयानेही पाहिले जाते. किल्ल्या कापणारी यंत्रे गल्लोगल्ली आल्यामुळे, आणि नव्या इमारतींत बोटांच्या ठशांनी व अंकांनी उघडणारी विजेची कुलपे बसू लागल्यामुळे, हे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाण्याची वाट अरुंद होत चालली आहे. ज्यांना या छंदाची ओढ आहे, त्यांनी परदेशी संच मागवण्यापूर्वी अशा एखाद्या कारागिरापाशी, त्याच्या वेळेचा रास्त मोबदला देऊन, काही दुपारी बसावे. कोणत्या कुलपात खूण किल्लीच्या कोणत्या भागावर उमटते, पितळेची आणि लोखंडाची कोरी किल्ली यांत तो कोणती निवडतो आणि का, लिव्हर अडल्याचे त्याच्या बोटांना कशावरून कळते, आणि किल्ली मागायला आलेला मनुष्य खरा मालक आहे की नाही याची खातरजमा तो कशी करतो, हे सारे त्याच्याकडून विचारून मराठीत लिहून काढावे. त्यातला शेवटचा प्रश्न आधी विचारावा.